सीसीएनए: पहिल्या नोकरीआधी तीस हजार घालावेत का?

माझ्या सीसीएनए सर्टिफिकेटला (नेटवर्कचं सामान बनवणाऱ्या सिस्को कंपनीची, नेटवर्किंगची सुरुवातीची परीक्षा) येत्या मार्चमध्ये तीन वर्षं होतील आणि त्याची मुदत संपेल. पुढे काय करायचं ते ठरवताना जुना सगळा हिशेब पुन्हा काढला. त्यातच माझ्या गावाहून, बार्शीहून, फोन चालू असतात. कुणाचा भाचा बीसीए झालाय, कुणाची मुलगी पॉलिटेक्निकला आहे, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच: "ताई, हे सर्टिफिकेट केलं की आयटीत नोकरी लागते का?" फोनवर पाच मिनिटांत याचं खरं उत्तर देता येत नाही. म्हणून एखादी वस्तू वापरून तिचा अनुभव लिहावा तसं लिहितेय. काय घेतलं, कितीला पडलं, कशाला उपयोगी आलं आणि कशाला नाही आलं.

निकाल आधीच सांगते. सीसीएनएने मला मुलाखतीच्या खोलीपर्यंत नेलं, आणि ते नसतं तर मी तिथवर पोचले नसते. आत गेल्यावर कामी आलं ते वेगळंच. त्याची हकिकत पुढे येईलच.

मी बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स, २०२१ ची बॅच. शेवटच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या, त्यामुळे गुण चांगले असूनही 'कोविड बॅच' म्हणून नाक मुरडणारे भेटले. आमच्या कॉलेजात आयटी कंपन्यांचा कॅम्पस येत नाही. बाबा एसटीच्या आगारात मेकॅनिक. घरात कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट म्हटलं की एमएस-सीआयटी. दहावीच्या सुट्टीत मीही केलं, गल्लीतल्या जवळजवळ सगळ्यांनी केलंय. एमकेसीएलने २००१ मध्ये सुरू केलेला हा कोर्स सरकारी भरतीत मागतात, त्यामुळे 'कागद असला की काम होतं' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आयटीतल्या जागांसाठी असा कुठलाच एक कागद सक्तीचा नसतो. प्रत्येक कंपनी, कधी कधी प्रत्येक मुलाखत घेणारा, स्वतःचं बघतो. हा फरक ध्यानात यायला माझं एक वर्ष गेलं.

२०२२ च्या जूनमध्ये पुण्यात आले. कर्वेनगरला कॉट बेसिसवर खोली, चौघी जणी, दोन वेळचा डबा. तीन महिने नोकरीच्या साइट्सवर अर्ज टाकत राहिले. वहीत नोंद आहे: ६४ अर्ज, दोन फोन, दोन्ही कॉल सेंटरचे. डेस्कटॉप सपोर्ट, नेटवर्क सपोर्ट, एनओसी (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारा कक्ष) अशा जागांच्या जाहिरातींत एक ओळ मात्र सारखी दिसायची, 'सीसीएनए असल्यास प्राधान्य'. यामागचं एक कारण मला पुढे कंपनीत गेल्यावर समजलं. सिस्कोचा माल विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या भागीदार कंपन्यांना आपला दर्जा टिकवायला ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. अॅमेझॉन वेब सर्व्हिसेस (एडब्ल्यूएस) या क्लाउड सेवेच्या भागीदारांचंही तसंच असतं. म्हणजे तुमच्या त्या कागदाचा कंपनीलाही हिशेबात उपयोग असतो. शिवाय एका जागेसाठी शेकड्याने बायोडेटा आले की एचआरला चार अक्षरं टाकून यादी गाळणं सोपं जातं. माझा बायोडेटा त्या चाळणीतच अडकत होता.

आता ही वस्तू नेमकी काय आहे ते. परीक्षेचा क्रमांक २००-३०१, ती २४ फेब्रुवारी २०२० पासून चालू आहे. एकच पेपर, १२० मिनिटं. अभ्यासक्रमाचे सहा भाग: नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क अॅक्सेस म्हणजे मुख्यतः स्विचिंग (एकाच ऑफिसातले कॉम्प्युटर जोडणं) आणि वायफाय २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी म्हणजे राउटिंग (एका नेटवर्कमधून दुसऱ्याकडे रस्ता काढणं) २५, आयपी सर्व्हिसेस १०, सुरक्षा १५, ऑटोमेशन १०. ऑगस्ट २०२४ पासून त्यात मशीन लर्निंग आणि जनरेटिव्ह एआयचीही तोंडओळख आली, ती माझ्या वेळी नव्हती. फी ३०० डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. मी भरली तेव्हा सगळं मिळून २९ हजारांच्या वर गेलं. नापास झालात तर पाच दिवस थांबायचं आणि पुन्हा पूर्ण फी भरायची. पुढे माझा पहिला पगार हातात आला तो १८,५०० रुपये, यावरून या रकमेचं वजन लक्षात येईल. बाबांनी पतपेढीतून कर्ज काढलं. काढण्याआधी एकच विचारलं, "यात हाताला काही लागतं का गं, का नुसतं पाठांतर?" बाबा स्वतः आयटीआय करून, वर्षभर उमेदवारी करून कामाला लागलेले. तेव्हा मी "लागतं" म्हणाले खरी, पण मला माहीत नव्हतं.

क्लास लावला ती माझी सगळ्यात महागडी चूक. नाव देत नाही, कारण असे क्लास पुण्यात कितीतरी आहेत आणि पाट्या सगळ्यांच्या सारख्याच. सीसीएनए, सीसीएनपी (त्याच्या वरची पातळी) आणि फायरवॉल असं तिहेरी पॅकेज, ३५ हजार, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. डेमो लेक्चरला काचेच्या कपाटातली राउटर-स्विचची रॅक दाखवली होती. बॅचमध्ये आम्ही बावीस जण, आणि पाच महिन्यांत त्या रॅकला हात लावायला मिळाला तीन वेळा. प्रवेशाच्या अर्जावर बारीक अक्षरांत 'प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलेलं होतं. सही करताना मी ते वाचलं नव्हतं. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहायला हवी: तिथल्या एका सरांनी सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे पत्ते लहान गटांत वाटणं, इतकं छान शिकवलं की आजही मला कागद लागत नाही. स्लॅश २६ म्हटलं की ६४ चे गट, ६२ होस्ट (म्हणजे यंत्रांना देता येणारे पत्ते), पहिल्या गटाचा ब्रॉडकास्ट ६३ वर, हे पाढ्यासारखं तोंडात बसलंय. डेपोतल्या रद्द लॉगशीटचे गठ्ठे बाबा घरी आणायचे, त्यांच्या कोऱ्या पाठींवर मी शेकडो गणितं सोडवली.

परीक्षेच्या दोन आठवडे आधी क्लासच्या ग्रुपवर एक पीडीएफ आली. डंप. कुणीतरी परीक्षेतून बाहेर आणलेले प्रश्न, उत्तरांसकट. "हेच पाठ करा, बाकी सोडा." बॅचमधल्या पुष्कळांनी तेच केलं. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. घरून ३० हजार आले असताना नापास होण्याची भीती काय असते ते मी जाणते. पण आमच्यातला एक मुलगा त्या पीडीएफवर उत्तम गुणांनी पास झाला आणि पहिल्याच मुलाखतीत स्लॅश २७ मध्ये किती होस्ट बसतात या प्रश्नावर गप्प झाला. तीस. एवढंच उत्तर होतं. तो पुढच्या दोन मुलाखतींना गेलाच नाही. शिवाय अशी लबाडी सापडली तर सिस्को सर्टिफिकेट रद्द करते आणि पुढच्या परीक्षांना बंदी घालू शकते. ज्या कोणाला मी सल्ला देते त्याला हे पहिल्यांदा सांगते: पीडीएफ आली तर उघडू नका.

माझा खरा अभ्यास झाला तो क्लासबाहेर. पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचंच सॉफ्टवेअर नेटवर्किंग अकॅडमीवर खातं उघडलं की फुकट मिळतं. त्यात राउटर, स्विच, पीसी, वायफाय सगळं पडद्यावर मांडून जोडता येतं. यूट्यूबवर जेरेमीज आयटी लॅब या चॅनेलवर पूर्ण सीसीएनएचा कोर्स फुकट आहे, दिवसागणिक धडा आणि त्याबरोबर लॅब. ३५ हजारांत जे मिळालं नाही ते या दोन गोष्टींत होतं. इंग्रजीची अडचण असली तरी चिकाटी सोडू नका. व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन बघता येतो, आणि शब्द तेच तेच येतात. पंधरा दिवसांत कान सरावतो.

आणि मग तो स्विच.

ऑक्टोबर २०२२ मधला रविवार. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मैत्रिणीबरोबर टेबलफॅन बघायला गेले होते. एका चादरीवर मोडके कीबोर्ड, चार्जर आणि त्यांच्याखाली एक सिस्को २९६० स्विच, चोवीस पोर्टांचा. विकणाऱ्या काकांनी अडीच हजार सांगितले, अठराशेला दिला. निळी कन्सोल केबल आणि यूएसबीचं कन्व्हर्टर मिळून पाचशे वेगळे. खोलीवर आणून लॅपटॉपला जोडला, ९६०० वर टर्मिनल उघडलं, आणि समोर पासवर्डची ओळ. कुठल्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेला, पासवर्ड जुन्या मालकाचा.

रात्री एकपर्यंत शोधत बसले. रीत सापडली: वीज काढायची, पुढचं मोड बटण दाबून धरून वीज द्यायची, स्विच अर्धवट अवस्थेत थांबतो, मग फ्लॅश (त्याची आतली मेमरी) सुरू करायचा, 'कॉन्फिग डॉट टेक्स्ट' या फाइलचं नाव बदलायचं आणि बूट करायचं. स्विचला आपली जुनी फाइल सापडत नाही, तो कोऱ्या पाटीसारखा उठतो. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. स्विचच्या पंख्याच्या आवाजाने जाग्या झालेल्या रूममेट मला विचारत होत्या काय झालं, आणि मला सांगता येत नव्हतं इतका आनंद झाला होता.

नाव बदललेली जुनी फाइल अजून आतच होती. ती उघडून वाचली. अकाउंट्स, स्टोअर, सीसीटीव्ही अशी व्हीलॅनची (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कांची) नावं. प्रत्येक पोर्टवर कुणीतरी काळजीने लिहिलेलं वर्णन, कुठल्या टेबलाची तार कुठे येते ते. पोर्ट ७ वर 'डू नॉट यूज'. तोवर पुस्तकातला व्हीलॅन म्हणजे माझ्यासाठी दहा, वीस, तीस असे आकडे होते. त्या रात्री पहिल्यांदा मला एक ऑफिस दिसलं, त्यातली माणसं, त्यांच्या तारा, आणि सीसीटीव्हीची वाहतूक अकाउंट्सपासून वेगळी का ठेवायची ते. वाचून झाल्यावर फाइल पुसून टाकली, कारण ती माझी नव्हती.

दिवाळीत स्विच बार्शीला घेऊन गेले. बाबांनी पोर्ट ७ मध्ये बॅटरी मारून बघितलं, आतली एक पिन वाकलेली होती. घड्याळजीचा चिमटा आणून त्यांनी ती सरळ केली. तार लावली, पोर्टचा दिवा आधी केशरी, मग हिरवा झाला. केशरीवरून हिरवं व्हायला अर्धा मिनिट का लागतो ते मी त्यांना समजावून सांगितलं: नेटवर्कमध्ये गोल फेरा तयार होत नाही ना, याची स्विच खात्री करून घेतो, त्याला स्पॅनिंग ट्री म्हणतात. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी हाताला लागतंय."

मार्च २०२३ मध्ये परीक्षा दिली. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असा करार आधी स्वीकारावा लागतो, त्यामुळे ते लिहिणार नाही. पण दोन गोष्टी उघड आहेत. एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. बोर्डाच्या पेपरसारखं 'हा नंतर बघू' चालत नाही, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना ही सवय मुद्दाम मोडावी लागते. दुसरं, वेळ. मी घरी घड्याळ लावून सराव केला नसता तर शेवटचे प्रश्न राहिले असते. पास झाले. विभागवार टक्केवारी येते, त्यात ऑटोमेशनमध्ये माझे सगळ्यात कमी होते. पास व्हायला नेमके किती लागतात ते सिस्को जाहीर करत नाही.

आता बायोडेटाचा फरक. तेच शिक्षण, तोच फोन नंबर, वर एक ओळ जास्त. सहा आठवड्यांत ४१ अर्ज, नऊ फोन, चार मुलाखती. आधी ६४ मध्ये दोन होते. एवढ्या लहान हिशेबावरून सगळ्यांसाठी नियम काढता येणार नाही, पण माझ्यापुरतं चित्र स्वच्छ होतं.

चौथी मुलाखत खराडीत, बँकांच्या आणि दुकानांच्या शाखांचं नेटवर्क सांभाळणाऱ्या एका कंपनीत, एनओसीच्या रात्रपाळीसाठी. घेणारे सर चाळिशीचे, शांत. पहिली दहा मिनिटं सीसीएनएच्या अभ्यासक्रमातलंच चाललं: आयपीला पिंग जातो पण नावाने साइट उघडत नाही, तर कुठे बघाल? पीसीला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला, म्हणजे काय झालं? अॅक्सेस पोर्ट आणि ट्रंक यांत फरक काय? सगळं आलं. मग विचारलं, दोन राउटरांमध्ये ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) एक्सस्टार्ट या टप्प्याला अडकलाय, का? मला नाही आलं. "माहीत नाही सर, पण दोन्ही बाजूंच्या इंटरफेसची सेटिंग शेजारी ठेवून ताडून बघेन," म्हणाले. ते म्हणाले, "बरोबर दिशेला आहात. एमटीयू जुळत नसेल." (एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार.) आणि मग, "मॅडम, लॅब कुठे केलीत?"

मी स्विचची गोष्ट सांगितली. मोड बटण, पोर्ट ७, सीसीटीव्हीचा व्हीलॅन, सगळं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पासवर्ड काढताना जुनी फाइल पुसून का नाही टाकली, नाव का बदललं, असं विचारलं. मी म्हटलं, पुसली असती तर परत आणता आली नसती. पुढची वीस मिनिटं आम्ही फक्त त्या स्विचवर बोललो. दुसऱ्या दिवशी निवड झाल्याचा फोन आला. सर्टिफिकेटचा क्रमांक त्यांनी ऑनलाइन पडताळला होता, तोही दोन मिनिटांत.

कामावर गेल्यावर काही गोष्टी अशा निघाल्या ज्या कुठल्याच परीक्षेत नव्हत्या. रात्री अडीचला शाखेतल्या वॉचमनकाकांना उठवून, "राउटरचा तिसरा दिवा कुठल्या रंगाचा आहे?" हे न चिडता विचारणं. लिंक पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाशी हिंदीत हुज्जत घालून तक्रार नोंदवून घेणं. सकाळच्या पाळीतल्या माणसाला एका वाचनात कळेल असं तिकीट लिहिणं. हे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अंगवळणी पडलं. पण पाया होता म्हणून पडलं. माझ्याबरोबर लागलेल्या, नेटवर्किंग अजिबात न शिकलेल्या दोघांना याच गोष्टींबरोबर पायाही शिकावा लागला, आणि त्यांची फार ओढाताण झाली.

बाकी सर्टिफिकेटांबद्दल जेवढं जवळून पाहिलं तेवढंच लिहिते. माझी रूममेट रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए, म्हणजे लिनक्स मशीन सांभाळण्याची परीक्षा, देत होती. तीन तास, एकही पर्यायी उत्तराचा प्रश्न नाही, समोर चालू मशीन, त्यावर काम करून दाखवायचं. ३०० पैकी २१० लागतात. पहिल्या वेळी तिची एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ते तीत असतं) एक चूक राहिली, मशीन रीबूटनंतर उठलंच नाही आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. दुसऱ्यांदा पास झाली. माझ्या मते लिनक्सकडे जायचं असेल तर यासारखी कस पाहणारी दुसरी परीक्षा नाही, कारण तिथे पीडीएफ पाठ करून हात चालत नाहीत. एक मित्र एडब्ल्यूएसचं क्लाउड प्रॅक्टिशनर करून आला: १०० डॉलर, ६५ प्रश्न, ९० मिनिटं, हजारात ७००. क्लाउडची भाषा कळायला चांगलं आहे, पण त्यात काही बांधावं लागत नाही, आणि मुलाखतीत त्याला पुढचा प्रश्न हाच यायचा की तुम्ही स्वतः काय उभं केलंत. कॉम्प्टियाचं ए प्लस अमेरिकेत हेल्पडेस्कसाठी खूप चालतं. पुण्यात मी पाहिलेल्या जाहिरातींत ते क्वचितच होतं, म्हणून मी वाटेला गेले नाही.

ज्यांना कोडिंगमध्ये जायचंय त्यांनी सीसीएनएवर पैसे घालू नयेत. ज्यांच्या कॉलेजात कॅम्पस येतो आणि हातात इंजिनीअरिंगची पदवी आहे, त्यांनी आधी कॅम्पस द्यावा. त्यांना तो कागद कंपनी पुढे स्वतःच्या खर्चाने करवून देऊ शकते. आणि ज्यांच्या घरी ३० हजार म्हणजे कर्ज, त्यांनी परीक्षेचं बुकिंग सगळ्यात शेवटी करावं. आधी तीन महिने पॅकेट ट्रेसर आणि फुकटचे व्हिडिओ. एवढ्यात कंटाळा आला तर ३० हजार वाचले. रात्रीचा एक वाजला तरी त्यावरून उठवत नसेल तर मग खुशाल भरा. माझ्यासारख्या लहान गावातून, साध्या पदवीवर, नेटवर्कच्या कामात शिरू पाहणाऱ्या मुलामुलींना मी आजही हेच घ्या म्हणेन. क्लासच्या ३५ हजारांबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. तेवढ्यात महिनाभराचा डबा, खोलीचं भाडं आणि एक जुना स्विच बसतो.

नूतनीकरणाचं असं ठरलंय. मुदत वाढवायला तीन वर्षांत ३० क्रेडिट जमवायची, किंवा तीच परीक्षा पुन्हा द्यायची, किंवा वरच्या पातळीची एक पास व्हायची. मी तिसरा रस्ता घेतलाय, एनकोर, ३५०-४०१, म्हणजे सीसीएनपीचा मुख्य पेपर. फी ४०० डॉलर आहे, पण या वेळी कंपनी भरतेय. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पेपर.

स्विच आता बार्शीला आहे. माझा मावसभाऊ पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला दिला. देताना त्यावर नवा पासवर्ड टाकलाय आणि तो सांगितलेला नाही. मोड बटण कुठे आहे तेवढं दाखवलंय.